राउटर? तो तर साधा कॉम्प्युटरच!

भिंतीवर लुकलुकणारा वायफायचा डबा आणि कपाटावर धूळ खात पडलेला जुना पीसी, हे दोघं एकाच घराण्यातले. हे नातं ज्यांना ६० वर्षांपूर्वीच दिसलं होतं, त्या डोनाल्ड डेव्हिस यांची ही गोष्ट.

सबमिशनच्या आदल्या रात्री रूमवरचं वायफाय गेलं की आपण काय करतो? ज्याचा डेटा शिल्लक आहे त्याला पटवतो आणि फोनचा हॉटस्पॉट सुरू करायला लावतो. दोन मिनिटांत चार लॅपटॉप त्या एका फोनवर चालायला लागतात. ज्या फोनवर आपण रील्स बघतो, चहाचे पैसे देतो, गेम खेळतो, तोच फोन त्या रात्रीपुरता राउटर होतो. चार जणांचा डेटा घ्यायचा, योग्य दिशेला पाठवायचा, उत्तर आलं की ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. राउटर म्हणून विकत आणलेला डबाही मुळात हेच करतो.

म्हणजे राउटर ही काही वेगळी, जादूची वस्तू नाही. कुठल्याही साध्या कॉम्प्युटरला नीट सूचना दिल्या तर तो नेटवर्कचा नाका सांभाळू शकतो. आज हे ऐकून कुणी दचकणार नाही. पण ६० वर्षांपूर्वी नेटवर्क म्हणजे टेलिफोनचं जाळं, आणि नाका म्हणजे खटाखट आवाज करणाऱ्या स्विचेसनी भरलेलं एक्स्चेंज. तिथे एखादा छोटा कॉम्प्युटर बसवून काम भागेल, असा विचार करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वेल्समध्ये जन्मलेले डेव्हिस त्यातलेच एक. इंटरनेटच्या इतिहासात त्यांचं नाव मोठं आहे, पण आपल्या सिलॅबसमध्ये ते बहुतेक वेळा एखाद्या तळटीपेत सापडतं.

पोस्टात विसरलेलं पुस्तक

डोनाल्ड वॉट्स डेव्हिस यांचा जन्म ७ जून १९२४ चा. गाव ट्रिऑर्की, दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातलं. हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा. वडीलही खाणीच्या ऑफिसात क्लार्क होते. डोनाल्ड आणि त्याची जुळी बहीण अगदी तान्ही असतानाच वडील गेले. आई दोन्ही लेकरांना घेऊन माहेरी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथला आली आणि पोस्टात काउंटरवर काम करू लागली.

ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोनचा कारभारही पोस्टाकडेच असायचा. एक दिवस कुणी इंजिनिअर आपलं पुस्तक पोस्टात विसरून गेला आणि आईनं ते घरी आणलं. डोनाल्ड तेव्हा १४ वर्षांचाही नव्हता. पुस्तक होतं टेलिफोन एक्स्चेंजवर. नंबर फिरवला की कुठला स्विच हलतो, कॉल कुठून कुठे जोडला जातो, एक लाइन बिझी असेल तर काय होतं, असं सगळं त्यात होतं. रेडिओशी खटपट करणारं हे पोरगं आता तासन्‌तास त्या पुस्तकात बुडून जाऊ लागलं.

अभ्यासात तर तो इतका पुढे होता की एकाच वेळी अनेक विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या त्याच्यासमोर आल्या. त्या आनंदात शाळेनं चक्क अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. टॉपर मुलगा वर्गातल्या सगळ्यांना मनापासून आवडतो, असा दिवस विरळाच!

डोनाल्डनं लंडनचं इम्पीरियल कॉलेज निवडलं. १९४३ मध्ये फिजिक्सची पदवी फर्स्ट क्लासमध्ये मिळवली. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे पदवी हातात पडताच बर्मिंगहॅम विद्यापीठात अणुबॉम्बशी संबंधित संशोधनावर रवानगी झाली. तिथे तो ज्यांच्या हाताखाली काम करत होता ते क्लाउस फुक्स पुढे सोव्हिएत रशियाचे हेर निघाले. युद्ध संपल्यावर डोनाल्ड पुन्हा इम्पीरियलमध्ये परतला. या वेळी विषय गणित. १९४७ मध्ये त्यातही फर्स्ट क्लास.

बॉसच्या पेपरमधल्या चुका

शेवटच्या वर्षाला असताना त्यानं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते होते जॉन वुमर्स्ली, लंडनजवळच्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे, म्हणजे एनपीएलचे, गणित विभागप्रमुख. एनपीएलमध्ये एक इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बांधायचं चाललंय, एवढं ऐकलं आणि डोनाल्डनं लगेच तिथे नोकरीसाठी अर्ज टाकला. १९४७ मध्ये तो रुजूही झाला. त्या कॉम्प्युटरचा मूळ आराखडा ज्यांनी केला होता त्यांचं नाव ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंग यांचा १९३६ चा पेपर कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी ऐकलेला असतो. त्यातली एक कल्पना आपल्या गोष्टीचा पायाच आहे. पिठाची गिरणी दळण दळते, शिलाई मशीन कपडे शिवतं. एक काम, एक यंत्र. ट्युरिंग यांनी कागदावर असं यंत्र मांडलं, जे सूचनांची यादी वाचतं आणि यादी बदलली की कामही बदलतं. यंत्र तेच. यादी वेगळी. आपण ज्याला जनरल पर्पज कॉम्प्युटर म्हणतो त्याची गणिती मुळं इथे सापडतात.

तेव्हा हा पेपर लोकांनी वाचला, वाखाणला. पण त्यातली प्रत्येक सूचना बोट ठेवून, पायरी पायरीनं चालवून बघायची चिकाटी फार थोड्यांकडे होती. २३ वर्षांच्या डेव्हिसनं ती दाखवली. आणि त्याला दिसलं की यंत्राच्या तपशिलात चुका आहेत. काही ठिकाणी सूचना जशा लिहिल्यात तशा चालवल्या तर यंत्र भलतंच काहीतरी करेल. आजच्या भाषेत सांगायचं तर हे बग होते. कॉम्प्युटर प्रत्यक्षात येण्याआधी लिहिलेल्या प्रोग्राममधले बग! त्यानं ते थेट ट्युरिंग यांना जाऊन दाखवले. ट्युरिंग यांना ते फारसं रुचलं नाही. मूळ सिद्धांताला धक्का लागत नव्हता, मग या बारकाव्यांत कशाला शिरायचं, असा त्यांचा सूर होता.

ट्युरिंग लवकरच एनपीएल सोडून गेले. मागे राहिलेल्या टीमनं त्यांच्या आराखड्याची छोटी आवृत्ती बांधली. नाव पायलट एस. १० मे १९५० रोजी तिच्यावर पहिला प्रोग्राम चालला. त्या काळच्या सर्वांत वेगवान कॉम्प्युटरांमध्ये तिची गणना व्हायची.

आता बघा, हाताशी असं यंत्र आल्यावर डेव्हिस यांनी काय काय केलं. रस्त्यावरच्या ट्रॅफिकचं सिम्युलेशन केलं. पुढे रशियन मजकुराचं इंग्रजीत भाषांतर कॉम्प्युटरकडून करून घेण्याच्या प्रकल्पात काम केलं. मध्येच फुलीगोळ्याच्या खेळाच्या गणितावर लेख लिहिला. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं मोठमोठे आकडे गुणणारं यंत्र, असं मानायच्या जमान्यात हा माणूस त्याला वाटेल ते काम लावून बघत होता. पुढे नेटवर्कचं कामही त्याला लावता येईल, हे त्यांना दिसलं यात मग नवल ते काय?

झेरॉक्सच्या दुकानातली रांग

१९६५ मध्ये डेव्हिस अमेरिकेला गेले. तिथे एमआयटीसारख्या ठिकाणी टाइम शेअरिंगची हवा होती. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले अनेक टर्मिनल, आणि प्रत्येकाला वाटतं की मशीन आपल्याच दिमतीला आहे. प्रत्यक्षात कॉम्प्युटर क्षणभर याचं काम करतो, क्षणभर त्याचं.

पण हे टर्मिनल दूर असले की टेलिफोन लाइन लागायची आणि तिथेच घोडं पेंड खायचं. टेलिफोनची लाइन एकदा जोडली की बोलणं संपेपर्यंत ती पूर्ण तुमची. दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा हे ठीक. पण टर्मिनलवर बसलेला माणूस काय करतो? एक ओळ टाइप करतो. डोकं खाजवतो. कॉफी पितो. पुन्हा एक ओळ टाइप करतो. मधला सगळा वेळ लाइन अडवलेली आणि तिच्यावरून जात काहीच नाही.

उपाय काय? तो समजून घ्यायला कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आणा. समोर एक जण ४०० पानांचा प्रोजेक्ट घेऊन उभा आहे आणि त्याच्यामागे दहा जण एकेका पानासाठी ताटकळताहेत. हुशार दुकानदार काय करेल? पहिल्याची पाच-दहा पानं काढेल, मग मागच्यांची एकेक पानं, मग पुन्हा पहिल्याची पाच-दहा. मोठं काम थोडं उशिरा संपेल, पण एका पानासाठी कुणाची लेक्चर बुडणार नाहीत.

डेव्हिस यांनी नेमकं हेच लाइनसाठी सुचवलं. मेसेज कितीही मोठा असो, त्याचे छोटे, ठरावीक मापाचे तुकडे करा. त्यांनी धरलेलं माप होतं १०२४ बिट. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहा. मग एकाच लाइनवरून सगळ्यांचे तुकडे एकामागोमाग सोडा. मुक्कामाला पोचले की परत जोडून घ्या. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ही कल्पना कागदावर उतरवली.

या तुकड्याला नाव काय द्यायचं? छोट्या पुडक्याला इंग्रजीत जो साधा शब्द आहे तोच त्यांनी उचलला, पॅकेट. दुसऱ्या भाषांमध्येही तो सहज नेता यायला हवा, हे बघायला त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्लासुद्धा घेतला. आज आपण पॅकेट लॉस झाला म्हणून गेम हरल्याचं खापर नेटवर फोडतो, तो शब्द असा आला.

मार्च १९६६ मध्ये त्यांनी एनपीएलमध्ये यावर जाहीर व्याख्यान दिलं. ते संपल्यावर संरक्षण खात्यातला एक श्रोता येऊन भेटला आणि त्यानं सांगितलं की असंच काहीतरी अमेरिकेत पॉल बॅरन नावाच्या माणसानं आधीच मांडलंय. ते खरं होतं. रँड कॉर्पोरेशनमधल्या बॅरन यांनी अणुहल्ल्यानंतरही टिकेल असं संपर्काचं जाळं शोधताना मेसेजचे तुकडे करायचाच विचार केला होता आणि त्यांचंही माप १०२४ बिटच होतं! दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. एकाला युद्धाची काळजी, दुसऱ्याला टर्मिनलसमोर ताटकळणाऱ्या माणसाची. डेव्हिस यांनी पहिलेपणाचा मान बॅरन यांना मोकळेपणानं दिला. पुढे भेट झाली तेव्हा, कल्पना आधी तुमची असेल पण नाव माझं टिकलं, अशा अर्थाची कोटीही केली.

नाक्यावर कोण बसणार?

तुकडे करणं ही झाली अर्धी गोष्ट. प्रत्येक नाक्यावर आलेलं पॅकेट कुणीतरी थांबवायला हवं. वाटेत बिघडलं तर नाही ना, हे तपासायला हवं. पत्ता वाचायला हवा, पुढची वाट ठरवायला हवी, लाइन रिकामी होईपर्यंत ते जपून ठेवायला हवं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजला यातलं काही जमत नाही. ते फक्त तारेला तार जोडून देतं. १४ व्या वर्षाच्या आत एक्स्चेंजची रचना पाठ केलेल्या माणसाला त्याची मर्यादाही नेमकी कळलेली असणार.

आता या कामांची यादी पुन्हा वाचा. साठवणं, वाचणं, तुलना करणं, तक्त्यात शोधणं, पुढे पाठवणं. हे तर कॉम्प्युटरचंच काम! आणि साठच्या दशकात खोली भरून टाकणाऱ्या अवाढव्य मशीनच्या जोडीला कपाटाएवढे मिनीकॉम्प्युटर बाजारात येऊ लागले होते. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडणी अशी केली: प्रत्येक परिसरात एक छोटा इंटरफेस कॉम्प्युटर ठेवा. परिसरातली सगळी मशीन आणि टर्मिनल त्याला जोडा. बाहेरच्या जाळ्याशी बोलायचं काम फक्त त्याचं. आपल्या घरातला राउटर आज जे करतो त्याचंच हे वर्णन आहे.

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या गॅटलिनबर्गला एक परिषद भरली. डेव्हिस यांच्या टीममधले रॉजर स्कँटलबरी तिथे एनपीएलचा पेपर वाचायला गेले. त्याच परिषदेत लॅरी रॉबर्ट्स यांनी अमेरिकन संरक्षण खात्याच्या अर्पानेटचा प्लॅन मांडला. नेटवर्कचं काम मोठ्या मशीनवर न लादता वेगळ्या छोट्या कॉम्प्युटरकडे द्यावं, असं अमेरिकेतही वेस्ली क्लार्क यांनी सुचवलेलं होतंच. पण पॅकेटचं गणित ब्रिटिशांनी बारकाईनं मांडलेलं होतं. रॉबर्ट्स यांनी ते मनावर घेतलं. आधी २.४ किलोबिटच्या लाइनी घ्यायचा त्यांचा विचार होता, त्या पुढे सेकंदाला ५० किलोबिटच्या झाल्या.

इथून पुढे एक मजेशीर योगायोग घडतो. एनपीएलनं आपल्या नेटवर्कसाठी आधी एक ब्रिटिश मशीन निवडलं होतं. ते जमलं नाही, म्हणून हनीवेल कंपनीचा ५१६ हा मिनीकॉम्प्युटर घेतला. तिकडे अर्पानेटचं काम मिळालेल्या बीबीएन कंपनीनंही नाक्यावर बसवायला हनीवेल ५१६ च निवडला. हा १६ बिटचा कॉम्प्युटर होता, नेटवर्कसाठी म्हणून जन्मलेला नव्हता. त्याला नाकेदार बनवलं ते त्यात घातलेल्या प्रोग्रामनं आणि लाइन जोडायला लावलेल्या जादा हार्डवेअरनं. अर्पानेटवरच्या या मशीनना आयएमपी म्हणत. मेमरी १२ हजार शब्दांची, म्हणजे फक्त २४ केबी. आज आपल्या फोनमधला एखादा बरा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डला लॉगिन हा शब्द पाठवायला घेतला आणि दोनच अक्षरं गेल्यावर पलीकडचा मोठा कॉम्प्युटर कोसळला. नाक्यावरच्या छोट्या आयएमपींनी मात्र आपलं काम चोख केलं होतं.

इकडे टेडिंग्टनमध्ये एनपीएलचं नेटवर्क साधारण त्याच सुमारास चालू झालं. सेकंदाला ७६८ किलोबिट, म्हणजे अर्पानेटच्या लाइनपेक्षा कितीतरी वेगवान. १९७६ पर्यंत त्याला १२ कॉम्प्युटर आणि ७५ टर्मिनल जोडलेले होते. पण हे सगळं एका संस्थेच्या आवारात.

आवाराबाहेर न गेलेलं जाळं

डेव्हिस यांचं स्वप्न काही एका आवारापुरतं नव्हतं. १९६६ च्या जूनमध्येच त्यांनी अख्ख्या ब्रिटनसाठी डेटा नेटवर्कचा प्रस्ताव लिहिला होता. मात्र देशभरच्या लाइनी होत्या पोस्ट खात्याच्या ताब्यात. कायद्यानं मक्तेदारी त्यांची. एनपीएल ही संशोधन संस्था, तिच्याकडे ना देशभर जाळं विणायचा अधिकार होता, ना तेवढा पैसा. अमेरिकेत अर्पानेटला संरक्षण खात्याचं पाठबळ मिळालं आणि ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात पसरत गेलं. ब्रिटनमध्ये पोस्टाची प्रायोगिक पॅकेट सेवा सुरू व्हायला १९७७ उजाडलं. प्रस्तावापासून ११ वर्षं!

नकाराचं दुःख असं की त्यात कुणी खलनायक नसतो. टेलिफोनवाल्यांचं जाळं उत्तम चाललं होतं, त्यांना घाई नव्हती. पण ज्या पोस्टानं आईला नोकरी दिली, ज्याच्या काउंटरवर ते पहिलं पुस्तक सापडलं, त्याच पोस्टाच्या संथपणामुळे मुलाची कल्पना आवारातच थांबली. हे मनाला लागतं खरं.

डेव्हिस मात्र रडत बसले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कॉम्प्युटर नेटवर्कवर पुस्तकं लिहिली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विभागप्रमुखाची खुर्ची सोडून ते परत स्वतःच्या संशोधनाकडे वळले. विषय नवा, डेटाची सुरक्षा. जाळं सगळीकडे पोचणारच, मग त्यावरून जाणारे पैसे आणि सह्या सुरक्षित कशा ठेवायच्या, हा पुढचा प्रश्न त्यांनी आधीच हातात घेतला. १९८४ मध्ये निवृत्त झाल्यावर बँकांना याच विषयात सल्ला दिला. १९८७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. फावल्या वेळात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सायफर मशीनची रचना उलगडत बसायचे. बारकावे सोडायचे नाहीत, ही २३ व्या वर्षीची सवय शेवटपर्यंत टिकली.

नव्वदच्या दशकात इंटरनेट घराघरांत पोचलं तसा पॅकेटचा खरा जनक कोण यावर वाद पेटला. डेव्हिस यांनी आवाज चढवला नाही. जुने पेपर पुन्हा वाचले, कुणी केव्हा काय मांडलं होतं ते तपासलं आणि त्यावर सविस्तर लेख लिहिला. २८ मे २००० रोजी त्यांचं निधन झालं. तो लेख छापून आला २००१ मध्ये, ते गेल्यावर. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं.

डब्याच्या आत कोण आहे?

डेव्हिस यांच्या कल्पनेचा पुढचा प्रवास तर आणखी भारी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी एनएसएफनेट सुरू झालं तेव्हा नाक्यांवर होते पीडीपी-११ घराण्यातले मिनीकॉम्प्युटर. डेव्हिड मिल्स यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरसकट त्यांना फझबॉल म्हणायचे. १९८८ मध्ये लाइनी वेगवान केल्या तेव्हा त्यांच्या जागी आले आयबीएमचे आरटी. तेही मुळात डेस्कवर ठेवायचे वर्कस्टेशनच.

मग राउटर बनवणाऱ्या कंपन्या आल्या, चकाचक डबे आले आणि आत कॉम्प्युटर आहे हे आपण विसरलो. २००२ च्या शेवटी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा घरगुती राउटर बाजारात आला. लोकांनी शोधलं तर आत लिनक्स निघालं! लिनक्सच्या लायसन्सनुसार कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर चालतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंटरनेट कंपन्यांच्या मोठ्या नाक्यांवर डेटा इतका प्रचंड असतो की तिथे पॅकेट ढकलायला खास चिप लागतात, साधा प्रोसेसर पुरत नाही. पण त्या चिपना वाट सांगणारा, तक्ते बनवणारा त्या मशीनमधला कॉम्प्युटरच असतो. आणि घर, छोटं ऑफिस, कॉलेजची लॅब एवढ्यासाठी तर जुना पीसीही रग्गड होतो.

कसा? पीसीला दोन नेटवर्क कार्ड लागतात. एक बाहेरच्या लाइनसाठी, दुसरं आतल्या स्विचसाठी. त्यावर लिनक्स टाकायचं. लिनक्समध्ये एका कार्डवर आलेलं दुसऱ्याचं पॅकेट पुढे पाठवायची सोय मुळातच असते, फक्त ती बंद ठेवलेली असते. ते फॉरवर्डिंग सुरू करायचं. मग बाहेरचा एकच पत्ता आतल्या सगळ्यांना वाटून वापरता यावा म्हणून नॅट, आतल्या मशीनना पत्ते वाटायला डीएचसीपी, आणि नको ते बाहेरच अडवायला फायरवॉल. झाला राउटर तयार! सगळं एका स्क्रीनवर हवं असेल तर पीएफसेन्ससारख्या तयार सिस्टिमही आहेत. हे स्वतः करून बघितलं तर नेटवर्किंगचं अख्खं युनिट जन्मात विसरणार नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. जुना पीसी चोवीस तास चालवला तर छोट्या डब्यापेक्षा वीज बरीच जास्त खातो. आणि हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या चालू नेटवर्कला असं मशीन परस्पर जोडू नका. तुमचा डीएचसीपी भलतेच पत्ते वाटत सुटला तर अख्ख्या मजल्याचं नेट जाईल आणि मग रेक्टरसमोर उभं राहायची वेळ येईल. प्रयोग करायचा तर वेगळा स्विच घ्या, लॅबच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, दोन मित्रांचे लॅपटॉप जोडा आणि वायरशार्क उघडून बसा. स्क्रीनवर एकेक पॅकेट सरकताना दिसेल.

ट्रिऑर्कीत २०१३ मध्ये डेव्हिस यांच्या स्मरणार्थ एक निळी पाटी लावली गेली. तिथे जाणं आपल्याला कधी जमेल न जमेल. पण जवळपास प्रत्येक कॉलेजात भंगारात निघालेल्या पीसींची एक खोली असते. त्यातला चालू स्थितीतला एखादा मागून बघा. नाही म्हणाले तर वर्षभरानं परत विचारा. डेव्हिस यांनी तर ११ वर्षं वाट बघितली होती.